शब्दचर्चा: आर्वो पॅर्ट ‘संगीतकार’ की ‘संगीत दिग्दर्शक’?

अधोरेखित:
एस्टोनियाच्या आर्वो पॅर्टवर (जन्म १९३५) एक लेख लिहून दिला. मी सगळीकडे ‘संगीतकार’ लिहिलं होतं. प्रूफ आलं तर प्रत्येक ठिकाणी ‘संगीत दिग्दर्शक’! संपादकांचं म्हणणं, संगीतकार म्हणजे गाणारा-वाजवणारा कुणीही. पॅर्टनं तरुणपणी चित्रपटांनाही संगीत दिलंय, त्यामुळे माझी बाजू जरा लंगडीच. पण ‘फ्युर अलिना’ ही १९७६ची एवढीशी पियानोची रचना. एकटा माणूस बसून वाजवतो. त्यात दिग्दर्शन कुणाला करायचं? शब्द सुचवा.

मंद्रसप्तक:
दिग्दर्शक साफ चूक. पण संगीतकारही तसा नवाच. माझे आजोबा नाट्यपदांचे वेडे, ते नेहमी ‘चाल कुणाची?’ असंच विचारायचे. ‘संगीत कुणाचं’ हे त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. आता गोची अशी की चाल लागते ती शब्दांना. नुसत्या पियानोला चाल कशी लावणार? या कामाचे आपले बरेचसे शब्द कवितेचं बोट धरून आलेत.

आडदांड:
एवढा चांगला ‘वाग्गेयकार’ असताना हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त वाग्गेयकाराची लक्षणं सांगितली आहेत. तेही देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून, म्हणजे आपल्या अंगणातच.

सांडगा:
आडदांड, त्यात ‘वाक्’ही आहे हो. शब्द आणि सूर दोन्ही ज्याचे, तो वाग्गेयकार. पॅर्टचे शब्द बहुतेक बायबलातले आणि प्रार्थनांमधले, बऱ्याचदा लॅटिन किंवा चर्च स्लाव्होनिक (ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी प्रार्थनाभाषा). बसत नाही.

आडदांड:
शब्द त्याचे नसतील, पण त्यांच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. १९८२चं ‘पासिओ’ घ्या, ख्रिस्ताच्या यातनांच्या बायबलातल्या कथेवरची गायनरचना. शब्दात अक्षरं किती, यावर सूर किती पायऱ्या चढणार-उतरणार ते ठरतं. इतकी वाक्‌ची चाकरी आपल्याकडे तरी कोण करतो?

सांडगा:
चाकरी केली म्हणून मालकी होत नाही.

पुरवणी:
‘संगीतरचनाकार’ लिहा आणि मोकळे व्हा. आठ अक्षरं आहेत, मथळ्यात मावणार नाही ते वेगळं. मला खरा खटकतो तो ‘समकालीन अभिजात’. काळाच्या कसोटीला उतरलं ते अभिजात ना? मग आज लिहिलेलं आजच अभिजात कसं? आणि ‘शास्त्रीय’ म्हटलं की आपल्याला तानपुराच दिसतो.

अधोरेखित:
मूळ लेखात हेही आहेच! तूर्त ‘पाश्चात्त्य अभिजात परंपरेतले आजचे’ असं लांबण लावलंय. आणखी एक: १९६८च्या ‘क्रेडो’ या समूहगायनाच्या रचनेत ख्रिस्तावरची श्रद्धा उघड बोलून दाखवली, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांची खप्पामर्जी झाली. नंतर १९७६पर्यंत पॅर्टनं फारच थोडं लिहिलं, जुनं ग्रेगोरियन गायन (चर्चमधलं एकसुरी प्रार्थनागायन) अभ्यासत बसला. या काळाला ‘मौन’ लिहिलंय, तेही संपादकांना जड वाटतं.

मंद्रसप्तक:
मौन कसलं? १९७१ला तिसरी सिम्फनी आहे की. मौन एकादशीसारखं असतं, धरलं तर धरलं. मी ‘अबोला’ म्हणेन.

पुरवणी:
अबोल्याला समोर कुणीतरी लागतं. नवरा-बायको, जावा-जावा. हा कुणाशी अबोला धरून होता?

मंद्रसप्तक:
स्वतःच्या आधीच्या संगीताशी! १९६०चं ‘नेक्रोलोग’ बारा सुरांच्या पद्धतीतलं (सप्तकातल्या बाराही सुरांना सारखाच मान), त्याबद्दलही बोलणी खाल्लेली. ते सगळं टाकून दिलं आणि एका त्रिस्वरावर, म्हणजे तीन सुसंवादी सुरांच्या जुळणीवर आला.

आडदांड:
बरं, त्यानंतरच्या त्याच्या शैलीचं नाव ‘टिंटिनाबुली’, त्याचं मराठी काय केलंत? लॅटिनमध्ये छोटी घंटा. ‘घंटाशैली’?

सांडगा:
मुळीच नको. हल्लीच्या पोरांसमोर ‘पॅर्टची घंटाशैली’ म्हणून बघा, काय पिकेल ते कळेल. ‘किंकिणी’ घ्या. किणकिण त्यातूनच आली.

पुरवणी:
उलट! आवाज आधी, शब्द मागून. किणकिणतं म्हणून किंकिणी. संस्कृतात सापडलं की तेच मूळ, ही खोड सोडा.

मंद्रसप्तक:
दोघंही थांबा, आधी काय वाजतं ते बघा. एक आवाज स्वरसप्तकातून पायरी-पायरीनं चालतो, दुसरा एकाच त्रिस्वराच्या तीन सुरांत राहून त्याला सोबत करतो. पत्नी नोरा यांनी त्याचं सूत्र केलं: १ + १ = १. म्हणजे हा आपला तानपुराच. मी ‘अनुरणन’ (मागे रेंगाळणारा नाद) सुचवतो.

अधोरेखित:
तानपुरा नाही हो. तानपुऱ्याला गवई कुठे गेला याचं सोयरसुतक नसतं. इथे चालणारा सूर हलला की त्रिस्वरातला कुठला सूर जोडीला यायचा, ते नियमानं ठरतं. ‘सोबत’ हा तुमचाच शब्द जास्त जवळचा आहे. तानपुऱ्यासारखं काही असेलच तर ‘फ्युर अलिना’तला तो खालचा सूर. सुरुवातीला एकदा वाजवतात आणि पेडल दाबून गुंजत ठेवतात.

मंद्रसप्तक:
मग त्या गुंजण्याला अनुरणन म्हणा. माझा शब्द वाया जाऊ देऊ नका.

आडदांड:
किणकिण बांगड्यांची असते. घंटेची घणघण.

सांडगा:
मोठ्या घंटेची घणघण. वासराच्या गळ्यातली छोटी किणकिणतेच.

पुरवणी:
आमच्याकडे ती खुळखुळायची.

सांडगा:
मग आत खडे असतील. त्याला घुंगरू म्हणतात.

पुरवणी:
घुंगरू छुमछुमतात!