ट्रेलर घेऊन लेक सुपीरियरला, आईबाबांना झेपेल का?

कृष्णाकाठ_ते_मिसिसागा:
मंडळी, ऑगस्टमध्ये सांगलीहून आईबाबा येतायत. २२ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) भाड्याने घेऊन इथे कॅनडात हायवे १७ ने आगावा बे, मग पुकास्क्वा, मग थंडर बे शहराजवळचं स्लीपिंग जायंट (तिन्ही लेक सुपीरियर या सरोवराकाठचे पार्कातले मुक्काम) आणि परत, असं ९ दिवसांत ठरवलंय. आम्ही दोघं, आईबाबा. गाडीची ओढायची क्षमता ५००० पौंड, ट्रेलर रिकामा ४१००, म्हणजे हिशोब बसतोय ना? साधं जी लायसन्स (ओंटारियोचं नेहमीचं मोटारीचं) चालेल का? बाबांचे गुडघे दुखतात, लांबच्या पल्ल्यात ते मागे ट्रेलरमध्ये आडवे झाले तर? याआधी कधी ट्रेलर ओढलेला नाही.

सडबरीची_काकू:
बाबांना ट्रेलरमध्ये झोपवायचं आधी डोक्यातून काढ. ओंटारियोत चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला कायद्याने बंदी आहे, आणि ते बरंच आहे. मागचं घर रस्त्यावर कसं हिंदकळतं ते मुक्कामाला पोचून कपाट उघडलंस की कळेल.

जी लायसन्सवर ४६०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, ती काळजी नको. घोळ तुझ्या हिशोबात आहे. ४१०० हे कोऱ्या ट्रेलरचं वजन. त्यात सिलिंडर, बॅटरी, गाद्या, आईचा कुकर, तांदूळ-डाळी धर. पाण्याची टाकी १५० लिटरची असेल तर भरल्यावर ३३० पौंड तीच. शिवाय ट्रेलरच्या नाकाचा (गाडीला जोडतात त्या टोकाचा) भार, एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के, तुझ्या गाडीच्याच पाठीवर बसतो, आणि त्या गाडीत तुम्ही चौघं. टाकी रिकामी ने, पार्कात नळ असतो. तरीही मी तुझ्या जागी असते तर १८ फुटी घेतला असता. सू सेंट मरीच्या पुढे माँट्रियल रिव्हरचा चढ-उतार आहे, खंबाटकी आठवेल. उतरताना ब्रेक दाबून बसू नकोस, गिअर खालचा ठेव.

आता खरं सांगते. थंडर बे सोडून दे. टोरोंटोपासून एका बाजूने १४०० किलोमीटर, बरंचसं दोन पदरी, समोरून लाकडाचे ट्रक. बाबा नऊ दिवस सीटवरच बसतील. आगावा बेला पाच रात्री, जमलं तर पुढे पुकास्क्वाला दोन (लिहितात पुकास्क्वा, म्हणतात पकसॉ). आगावाला पाण्याजवळची जागा मिळाली तर बाबा खुर्चीत बसल्या बसल्या सुपीरियर बघतील. पलीकडचा किनारा दिसत नाही. आमच्या सासूबाईंचा पहिल्या दिवशी विश्वासच बसेना, बोट बुडवून चाटून बघितलं, मग म्हणाल्या, "अगं, गोडं आहे!"

आगावा रॉकवरची गेरूची चित्रं मात्र आईबाबांना दाखवायच्या फंदात पडू नकोस. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी ती उभ्या कड्यावर काढली आहेत आणि बघायला पाण्यालगतच्या उतरत्या, निसरड्या कातळावरून जावं लागतं. लाटा असल्या तर तुम्ही दोघांनीही जाऊ नका.

आणि भांडी! पहिल्या वर्षी सासूबाईंनी घरच्यासारखा नळ सोडून भांडी घासली. दुसऱ्या संध्याकाळी सांडपाण्याची टाकी तुडुंब, आणि शॉवरच्या जाळीतून आमटीचं पाणी वर आलं, मोहरीसकट. त्यात माझी चप्पल तरंगत होती. तेव्हापासून भांडी आधी कागदाने पुसायची, मग टबात धुवायची. आंघोळी पार्काच्या स्नानगृहात.

ठाणेकर_किचनर:
काकूंशी सहमत. भर एवढीच: वीज असलेलीच जागा घे. आम्ही विजेशिवाय राहिलो. हीटर गॅसवर चालतो म्हणून निर्धास्त होतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. पहाटे तीनला बॅटरी बसली आणि सकाळपर्यंत चौघं एका रजईत. आगावाचं बुकिंग पाच महिने आधी, सकाळी सातला उघडतं. सात वाजून दहा मिनिटांनी काठाच्या जागा गेलेल्या असतात.

कृष्णाकाठ_ते_मिसिसागा:
थंडर बे रद्द. १८ फुटी बघतो. काकू, आईला कुकर नको म्हटलं तर ती म्हणते, मग मी येऊन करू काय? आणि फोडणीच्या वासाने अस्वल येईल का हो?

सडबरीची_काकू:
कुकर आण रे. अस्वलाला फोडणीपेक्षा बाकावर ठेवलेलं खरकटं जास्त आवडतं. जेवण झालं की सगळं गाडीत, कचरा त्याच रात्री पार्काच्या पेटीत. सासूबाईंनी "कावळ्याला" म्हणून बाहेर भाताचा घास ठेवला होता, वॉर्डन येऊन बोलून गेला. आईला तेवढं आधीच सांगून ठेव. आणि नकाशा घरूनच उतरवून घे, वावा गावाच्या अलीकडे बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही.