हल्क-वुल्व्हरिनचा सेट घेतला, पण दोघांची नजरानजरच होत नाही! (रिव्ह्यू + मदत हवी)

पिवळा_मास्क

कधीपासून मनात होतं, शेवटी मार्व्हल कॉमिक्समधल्या हल्क आणि वुल्व्हरिनच्या अ‍ॅक्शन फिगर्सचा एकत्र सेट आला हातात. सहा इंची लाइन, म्हणजे १:१२ स्केल, खऱ्या उंचीचा बारावा भाग. वुल्व्हरिन पिवळा-निळा, हल्क हिरवा आणि ती जांभळी फाटकी पँट. वुल्व्हरिनला मास्क नसलेलं एक डोकं जास्तीचं, मुठींची एक जोडी, नख्यांच्या हातांची एक जोडी. हल्कला ओरडणारं डोकं आणि उघडे पंजे.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच खूप आहे. हल्कचा स्कल्प्ट (म्हणजे शरीराची घडण) बघत बसावा असा आहे, पाठीचे स्नायू, मनगटावरच्या शिरा, आणि पोटऱ्यांवर गडद हिरव्याचा हलका हात मारलाय त्यामुळे प्लास्टिक नुसतं प्लास्टिक वाटत नाही. दोघांच्याही कोपर-गुडघ्याला पिना दिसत नाहीत, जुन्या फिगर्समध्ये ते गोल ठिपके दिसायचे आणि मला ते फार खुपायचं. वुल्व्हरिनचे खांदे पुढे दुमडतात, बटरफ्लाय जॉइंट आहे, त्यामुळे छातीसमोर नख्यांची फुली मस्त जमते. मास्क नसलेल्या डोक्यावर चेहरा प्रिंट केलाय, अगदी जवळून बारीक ठिपके दिसतात पण हातभर अंतरावरून माणूस बघतोय असं वाटतं.

आता जे खटकलं ते.

१. नख्या वाकड्या. उजव्या हाताची मधली नखी चक्क बाजूच्या नखीला टेकलीय.

२. हल्कचा उजवा गुडघा हलतच नाही. डावा नीट वाकतो, उजव्याला जोर लावला तर पोटरीच पिळल्यासारखी होते म्हणून लगेच सोडून दिला.

३. मास्कच्या डाव्या डोळ्याचा पांढरा रंग काळ्या कडेवर आलाय, केसभरच आहे पण एकदा दिसला की दिसतच राहतो.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हे दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. वुल्व्हरिनला वाकवून नख्या काढून उभा केला तर त्याचं डोकं वर होत नाही, मास्कची मागची बाजू मानेवर अडते, तो हल्कच्या गुडघ्याकडे बघतो. आणि हल्कची हनुवटी छातीला लागते त्यामुळे तो सरळ समोर, वुल्व्हरिनच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही दहापैकी नऊ, पण शेजारी ठेवले की मला सातच द्यावेसे वाटतात. अरे मी जोडी घेतलीय ना, दोन सुटे नग नाही घेतले.

बदलून घेऊ का घरीच दुरुस्त करू? आणि नजर जुळवायचा काही मार्ग आहे का?

---

सांधेजोड

पहिलं काम, त्या गुडघ्याला आता अजिबात हात लावू नको. पोटरी पिळली म्हणतोस तेव्हा आतली खुंटी पिळली जातेय, जॉइंट फिरत नाहीये. प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली की समज ते तुटायच्या बेतात आहे. रंग ओला असताना जॉइंटमध्ये उतरतो आणि मग चिकटून बसतो, बहुतेक वेळा एवढंच असतं.

बदलून घ्यायचं असेल तर ते आधी ठरव, गरम पाण्यात घातल्यावर परत करायला तोंड राहत नाही. फोटो आत्ताच काढून ठेव, गुडघ्याचा व्हिडिओ पण. पण माझं मत विचारशील तर या तिन्ही गोष्टी घरी होण्यासारख्या आहेत, आणि बदली आलेल्या सेटमध्ये दुसरंच काहीतरी वाकडं निघू शकतं.

गुडघा: पाणी चांगलं गरम कर, उकळी फुटायच्या आधी बंद कर. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत मिनिटभर बुडव. बाहेर काढून कापडात धर, मांडी एका हातात आणि पोटरी गुडघ्याच्या अगदी जवळ दुसऱ्या हातात. पावलाला धरून वाकवू नकोस, तिथून धरलं की सगळा जोर खुंटीवर जातो. एकदम पूर्ण वाकवायचं नाही, थोडं पुढे थोडं मागे, परत पाण्यात, परत थोडं. तीन-चार फेऱ्या लागतात. सुटला की आत सिलिकॉन तेलाचा एकच थेंब. गंज काढायचे स्प्रे मारू नकोस, त्यातली पेट्रोलियमची द्रव्यं काही प्लास्टिकना खातात.

नख्या: त्या मऊ पीव्हीसीच्या असतात, टोचू नयेत म्हणून मऊच करतात, आणि खोक्यात दाबल्या गेल्या की वाकतात. शेजारी बर्फाच्या पाण्याची वाटी ठेव. नख्या गरम पाण्यात वीसेक सेकंद, बाहेर काढून दोन बोटांत सरळ धरायच्या आणि धरलेल्या तशाच थंड पाण्यात. थंड होईपर्यंत बोटं सोडायची नाहीत, सगळी गंमत त्या थंड पाण्यात आहे, नुसतं गरम करून सोडलंस तर पुन्हा वाकतील.

---

जुने_अंक

रिव्ह्यू आवडला, विशेषतः जोडीला वेगळे मार्क द्यायची कल्पना. आपण सगळे एकेक फिगर हातात घेऊन मोजतो, शेजारी ठेवून कोणी बघत नाही.

उंची मोजलीस का? कॉमिक्समध्ये वुल्व्हरिन ५ फूट ३ इंच आहे. बाराने भागलं तर सव्वापाच इंच, म्हणजे साधारण १३.३ सेंटिमीटर. मोजताना मास्कचे कान सोडून कवटीपर्यंत मोज. हल्क सात-आठ फुटी धरला तर सात ते आठ इंच. हा फरक नीट ठेवला असेल तर तुझ्या नजरानजरेच्या तक्रारीचं अर्धं कारण हेच की कंपनीने स्केल बरोबर केलंय! सिनेमातला उंच वुल्व्हरिन बघून बऱ्याच जणांना कॉमिक्समधला किती ठेंगणा आहे ते लक्षातच राहत नाही.

या जोडीचं महत्त्व काय तर वुल्व्हरिन जन्मालाच हल्कच्या मासिकात आला. १९७४ मध्ये १८० व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत तो दिसतो आणि १८१ मध्ये पूर्ण मारामारी. लेन वीनचं लेखन, हर्ब ट्रिम्पची चित्रं, पोशाख जॉन रोमिता सीनियरचा. तेव्हाच्या मास्कवर मांजराच्या मिशांसारख्या रेघा होत्या आणि कान आखूड होते. तुझ्या मास्कवर मिशा आहेत का बघ. असतील तर ही १९७४ ची लढाई, नसतील तर नंतरचा वुल्व्हरिन. आणखी एक, त्या पहिल्या लढाईत नख्या हातमोज्यांचा भाग आहेत असंच वाटायचं, हाताच्या आतून येतात हे वाचकांना पुढे कळलं.

१९८८ च्या ३४० व्या अंकाचं मुखपृष्ठ पण आठवत असेल, टॉड मॅकफार्लेनचं, वुल्व्हरिनच्या नख्यांमध्ये हल्कचं प्रतिबिंब. पण त्यातला हल्क करडा आणि वुल्व्हरिन तपकिरी पोशाखात, त्यामुळे तुझ्या सेटवर ती पोझ लावलीस तर मला चुकल्यासारखं वाटेल. ज्याचं त्याचं मत.

---

पोझवाला

नजरेचं मी सांगतो, माझाही या एका गोष्टीवर फार जीव आहे.

हल्कचं डोकं खाली करायच्या नादी लागू नकोस, जाड मानेच्या फिगरचं डोकं खाली जात नाही म्हणजे नाही. त्याचं धड खाली कर. पोटाचा जॉइंट पुढे दुमड, कंबर मागे टाक, एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकव (म्हणजे गुडघा सुटायलाच हवा). धड तीसेक अंश पुढे झुकलं की तेच सरळ बघणारं डोकं आपोआप खाली बघतं. वर ओरडणारं डोकं लाव.

वुल्व्हरिनच्या बाबतीत तू नेमकं उलटं करतोयस. त्याला वाकवलंस की धड पुढे झुकतं आणि वर बघायला मान आणखी मागे न्यावी लागते, ती तर मास्कने आधीच अडवलीय. एक तर पाय फाकवून धड ताठ, किंचित मागेच कलतं ठेव, किंवा पारदर्शक स्टँडवर उडी मारताना लाव, त्याची छाती हल्कच्या छातीच्या रेषेत आणून. मग कुणालाच वर-खाली बघायला नको. आणि समोरासमोर अगदी नव्वद अंशात ठेवू नकोस, दोघांना थोडं प्रेक्षकाकडे वळव, नाहीतर फक्त दोन कान दिसतात.

डोळे तपासायला एक युक्ती: मोबाइलचा कॅमेरा वुल्व्हरिनच्या डोक्यामागे ठेवून हल्ककडे बघ. हल्कचे डोळे लेन्समध्ये बघताना दिसले की जमलं.

---

बंद_खोका

मी न उघडणाऱ्यांपैकी आहे तरी सांगतो, उघडलंस ते बरं केलंस, गुडघा अडकलाय हे बंद खोक्यात कधीच कळलं नसतं. निदान डोळ्यांचा रंग बघता यावा म्हणून मी पारदर्शक खिडकीवालं खोकं असेल तरच घेतो. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये पॅकिंगमधलं प्लास्टिक काढायचं जाहीर केलं, त्यात खिडकी गेली आणि मग २०२३ मध्ये त्यांनी ती परत आणायचं ठरवलं, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

ठेवण्याबद्दल: थेट ऊन नको, आणि हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं नको. पीव्हीसी मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि फिगर चिकट होते. झालीच तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव. डोळ्यावरचा रंग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही घेऊ नकोस, त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं. पुसण्याऐवजी वरून काळा अ‍ॅक्रिलिक रंग, सगळ्यात बारीक ब्रशने.

---

पिवळा_मास्क

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन संध्याकाळी यातच गेल्या.

गुडघा सुटला! चौथ्या फेरीला टक् असा आवाज आला, माझ्या काळजाचा ठोका चुकला, पण तुटलं काही नाही, आतून हिरव्या रंगाचा पापुद्रा निघाला. @सांधेजोड तू म्हणालास तसंच, पावलाऐवजी गुडघ्याजवळ धरल्याने फरक पडला. नख्याही सरळ, मधली अजून जराशी आत वळलीय पण शेजारणीला टेकत नाही.

@जुने_अंक मोजला, कवटीपर्यंत साडेतेरा सेंटिमीटर. मिशा नाहीत. म्हणजे नंतरचा वुल्व्हरिन.

@पोझवाला, स्टँडवर उडी लावली, हल्कला पुढे झुकवला, आणि कॅमेरा डोक्यामागे ठेवला तेव्हा पहिल्यांदाच हल्क खरोखर त्याच्याकडे बघत होता. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो. जोडीचे मार्क सातवरून साडेआठ करतोय, अर्धा मानेसाठी आणि एक कारखान्यातून आलेल्या गुडघ्यासाठी कापलाय. बदलून घेत नाही.

डोळा तेवढा राहिलाय. दोनदा ब्रश हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, रंग किती पातळ करायचा आणि डोकं कशात घट्ट धरायचं?