‘पोकेमॉन पझल लीग’ नुसत्या नावावर खपलेला नाही

पोकेमॉन कार्टूनमधल्या पिकाचूच्या नावावर ‘पोकेमॉन पझल लीग’ हा व्हिडिओ गेम खपला, आत नेहमीचाच ठोकळ्यांचा खेळ आहे, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. गाभा १९९५ च्या ‘पानेल दे पोन’ या जपानी गेमचा, हे खरं, पण तो गाभाच भन्नाट आहे!

शेजारचे दोन ठोकळे फक्त आडवे अदलाबदल करता येतात, तीन सारखे जुळले की गायब. खालून रास सतत वर सरकत असते. खरी नशा साखळीची: एक जुळणी फुटते, आणि वरचे ठोकळे खाली पडायच्या आत पुढची जुळणी मांडून ठेवायची. साखळी लांबली की प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर भलीमोठी लादी आदळते. पण तेवढ्याने प्रतिस्पर्धी संपत नाही. लादीला लागून जुळणी केली की तिचेच ठोकळे होतात आणि त्यातून उलटा वार करता येतो. अशा वेळी हरत आलेला डाव फिरताना बघावा!

कार्टूनमुळे समोर अ‍ॅश, मिस्टी ही त्यातली पात्रं असतात, लढतीला चेहरा मिळतो. तेवढं पुरे.

आणि थ्रीडी मोडबद्दल कुणीच कसं बोललं नाही? रास दंडगोलाभोवती गुंडाळलेली, कडा नाहीतच. मागे काय साचतंय ते सारखं फिरवून बघावं लागतं. नक्की खेळून बघा.