मदत हवी आहे: गिटची प्रगतिपट्टी शंभर टक्क्यांवर जाते आणि पुन्हा शून्यावर येते

नमस्कार,

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लहान प्रकाशनाच्या कचेरीत मी पानांच्या मांडणीचे आणि त्याला जोडून संगणकाचे पडेल ते काम पाहतो. मुलांच्या चित्रपुस्तकांचा मजकूर, मांडणीच्या फाइली आणि चित्रांचे मोठे स्कॅन असे सर्व साहित्य गेली चार वर्षे आम्ही गिटच्या (फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) एका रेपोत, म्हणजे साठ्यात, ठेवत आलो आहोत. त्यात आज साधारण एकसष्ट हजार ऑब्जेक्ट (गिट साठवते ते सुटे घटक) आहेत आणि एकूण आकार नऊ जीबीच्या आसपास गेला आहे. एवढी चित्रे गिटमध्ये ठेवायला नको होती हे मला आता कळते. त्यामुळे तो सल्ला कृपया या धाग्यावर देऊ नये. प्रश्न वेगळा आहे.

धायरीला आमची दुसरी जागा आहे आणि तेथे अक्षरजुळणी करणारे सहा सहकारी बसतात. त्यांनी टर्मिनलवर आज्ञा लिहाव्यात अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. म्हणून मी पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी आतून गिट चालवते आणि बाहेर मराठीत "फाइली आणत आहे" असे दाखवून पुढे एक पट्टी सरकवते. निदान तसे व्हावे असा हेतू होता.

सुरुवातीला पट्टी दिसतच नव्हती. टर्मिनलवर स्वतः क्लोन केले, म्हणजे पूर्ण रेपोची प्रत आणली, की टक्केवारी दिसे, पण स्क्रिप्टमधून तीच आज्ञा दिली की शेवटपर्यंत काहीच येत नसे. शोधल्यावर कळले की गिट ही माहिती एसटीडीएररवर, म्हणजे संदेश आणि चुका यांच्यासाठीच्या वेगळ्या प्रवाहावर, पाठवते आणि पलीकडे खरे टर्मिनल नसेल तर मुळीच पाठवत नाही. आज्ञेला --प्रोग्रेस हा पर्याय जोडल्यावर ती येऊ लागली, पण प्रत्येक टप्प्याची सगळी टक्केवारी तो टप्पा संपल्यावर एकदम मिळते. मी रीडलाइनने एकेक ओळ वाचतो आहे.

त्याहून मोठी अडचण माणसांच्या बाजूची आहे. क्लोन करताना टक्केवारी एकदा नव्हे तर पाच वेळा शून्यापासून शंभरापर्यंत जाते: सर्व्हरवरची मोजणी, आकुंचन, ऑब्जेक्ट आणणे, डेल्टा (फक्त फरकाच्या रूपात आलेले भाग) सोडवणे आणि फाइली लिहिणे. मागच्या महिन्यात नवा संगणक आणल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पट्टी शंभरावर पोहोचलेली पाहिली, काम झाले असे समजून संगणक बंद केला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी सर्व पुन्हा पहिल्यापासून आणावे लागले, आणि आमच्या जोडणीवर त्याला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. याच्या उलटही घडते. ऑब्जेक्ट आणण्याच्या टप्प्यात पट्टी पहिल्या काही मिनिटांत सत्तरपर्यंत धावते आणि मग अठ्ठ्याण्णववर इतका वेळ थांबते की कोणीतरी "अडकले हो" म्हणून चालू काम थांबवणारे कंट्रोल-सी दाबतो. दोष त्यांचा नाही. पट्टी जे सांगते त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

एकूण किती बाइट यायचे आहेत हे गिटकडून आधीच कळू शकते का? पाच टप्प्यांची मिळून एकच प्रामाणिक पट्टी करता येईल का, आणि करावी का? ओळी वेळेवर का मिळत नाहीत? आणखी एक गोष्ट मला कळलेली नाही. रोज सकाळच्या पुलच्या (फक्त नवे बदल आणण्याच्या) वेळी मी शोधत असलेली "रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स" ही ओळ कधी येते, कधी येतच नाही, आणि तेव्हा माझी पट्टी शून्यावरच बसून राहते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

ओळी उशिरा मिळण्याचे कारण सोपे आहे. टक्केवारीची प्रत्येक नवी नोंद गिट कॅरेज रिटर्नने (ओळीच्या सुरुवातीला परत नेणाऱ्या खुणेने) संपवते, न्यूलाइनने (नवी ओळ सुरू करणाऱ्या खुणेने) नव्हे. न्यूलाइन येते ती टप्पा पूर्ण झाल्यावरच. तुमच्याकडे जुने टंकलेखन यंत्र पाहिलेले कोणी असेल तर त्यांना लगेच समजेल: गाडा डावीकडे परत येतो, पण रूळ फिरत नाही आणि कागद वर सरकत नाही, म्हणून नवी अक्षरे जुन्यांवरच उमटतात. पायथॉनमध्ये तुम्ही पाइप बाइटच्या स्वरूपात वाचत असाल तर रीडलाइन फक्त न्यूलाइनची वाट पाहते. पोपेनला (पायथॉनमधून दुसरी आज्ञा चालवण्याच्या सोयीला) टेक्स्ट=ट्रू असे दिलेत की कॅरेज रिटर्नही ओळीचा शेवट मानला जातो आणि नोंदी येतील तशा मिळू लागतात. यात एक बारकावा आहे. कॅरेज रिटर्ननंतर न्यूलाइन आहे की नाही हे पाहण्यासाठी पायथॉन पुढच्या अक्षराची वाट पाहतो, त्यामुळे तुमची पट्टी नेहमी एक नोंद मागे राहील. आमच्याकडे त्याने काही बिघडले नाही.

सर्व्हरकडून येणाऱ्या ओळी "रिमोट" या शब्दाने सुरू होतात आणि त्यांच्या शेवटी मोकळ्या जागा असतात. त्या छाटून मगच तुलना करा. शिवाय स्क्रिप्टमधून गिट चालवताना एलसी_ऑल हा पर्यावरण-चल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) सी असा ठेवा. गिटचे संदेश वापरणाऱ्याच्या भाषेनुसार बदलू शकतात, आणि तसे झाले की इंग्रजी शब्द शोधणारी तुमची स्क्रिप्ट आंधळी होईल.

प्रतिसाद २

सकाळच्या पुलचे कोडे बहुधा असे आहे. येणारे ऑब्जेक्ट शंभरापेक्षा कमी असतील तर गिट पॅक फाइल (ऑब्जेक्ट एकत्र बांधलेली फाइल) जशीच्या तशी ठेवत नाही; ती उघडून प्रत्येक ऑब्जेक्ट सुटा लिहिते. या मर्यादेचे नाव फेच.अनपॅकलिमिट असून ती काही न बदलल्यास १०० असते. त्या मार्गाने गेल्यावर टप्प्याचे नाव "अनपॅकिंग ऑब्जेक्ट्स" असे येते, आणि "रिसीव्हिंग" व "रिझॉल्व्हिंग डेल्टाज" या दोन्ही ओळी येत नाहीत. आदल्या दिवशी काम कमी झाले असेल तर सकाळी हेच होणार. स्क्रिप्टला तिन्ही नावे ओळखता आली पाहिजेत.

कार्यप्रतीत फाइली लिहिण्याचा "अपडेटिंग फाइल्स" हा टप्पाही प्रत्येक वेळी दिसेल असे धरू नका. तो दोन सेकंदांत आटोपला तर गिट त्याची पट्टी काढतच नाही. ही दोन सेकंदांची मुदत गिट_प्रोग्रेस_डिले या पर्यावरण-चलाने बदलता येते. चाचणी करताना ती शून्य ठेवली तर सोपे जाते.

प्रतिसाद ३

आता अठ्ठ्याण्णववर अडकण्याविषयी. मूळ प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गिटची टक्केवारी बाइटची नसते, ऑब्जेक्टच्या संख्येची असते. पॅकच्या सुरुवातीला बारा बाइटचे शीर्ष असते: चार बाइट "पॅक" ही अक्षरे, चार बाइट आवृत्ती आणि चार बाइट ऑब्जेक्टची संख्या. एकूण आकार त्यात लिहिलेला नसतो, कारण सर्व्हर पॅक तयार करता करताच पाठवत असतो. तो संपेपर्यंत आकार सर्व्हरलाही ठाऊक नसतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. गिट जवळ जे मोजमाप असते तेच दाखवते.

तुमच्या एकसष्ट हजारांत बहुतांश कमिट (बदलांच्या नोंदी) आणि ट्री (फोल्डरमधल्या फाइलींच्या याद्या) असणार, म्हणजे काही शे बाइटचे जीव. ते पॅकमध्ये साधारणपणे आधी येतात आणि मग स्कॅन येतात. लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून किती मंडळे पुढे गेली ते मोजले, तरी विसर्जन मिरवणूक कधी संपेल हे सांगता येत नाही. एका मंडळापुढे एक पथक असते आणि दुसऱ्यापुढे चार. तुमची पट्टी मंडळे मोजते आहे.

पण त्याच ओळीत दुसरा आकडा असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. टक्केवारीच्या पुढे आतापर्यंत किती एमआयबी आले आणि सध्याचा वेग किती हे लिहिलेले असते. एखादे मोठे चित्र येत असताना ऑब्जेक्टची संख्या हलत नाही, पण हा बाइटचा आकडा हलत राहतो, कारण गिटचा आतील गजर दर सेकंदाला ओळ पुन्हा लिहायला लावतो. वेगही क्षणाचा नसून शेवटच्या काही नोंदींची सरासरी असते, म्हणून तो फार उड्या मारत नाही. काम चालू आहे की खरोखर अडकले आहे हे या आकड्यावरूनच ओळखावे.

आता एकूण आकार. सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर तेथे रात्री गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही चालवून साइझ-पॅक हा आकडा एका फाइलीत लिहून ठेवा. तो केआयबीमध्ये असतो. पूर्ण क्लोनसाठी येणारे बाइट त्याच्या जवळपास असतात. स्क्रिप्टने आधी तो आकडा वाचावा आणि आलेल्या बाइटना त्याने भागावे. अंदाज थोडा चुकेल, म्हणून गिटने टप्पा पूर्ण झाल्याचे सांगेपर्यंत पट्टी नव्व्याण्णववर धरून ठेवा. रोजच्या पुलसाठी हा मार्ग नाही; तेथे फक्त आलेले एमआयबी दाखवावेत, टक्केवारी दाखवूच नये.

धागाकर्ता

आपण सर्वांनी इतक्या तपशिलात लिहिलेत याबद्दल आभारी आहे. टेक्स्टचा बदल केला आणि नोंदी वेळेवर येऊ लागल्या. सर्व्हर भाड्याचा असला तरी ताबा आमच्याकडेच आहे, त्यामुळे साइझ-पॅकची फाइल आजच सुरू केली. पाच टप्प्यांची एकच पट्टी करावी का, हा प्रश्न मात्र राहिला. डेल्टा सोडवण्याचा टप्पा आमच्या नव्या संगणकावर पटकन आटोपतो आणि धायरीच्या जुन्या संगणकांवर रेंगाळतो, मग प्रत्येक टप्प्याला किती वाटा द्यायचा?

प्रतिसाद ४

देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणण्याचा टप्पा जोडणीवर अवलंबून असतो, डेल्टांचा प्रोसेसरवर आणि फाइली लिहिण्याचा डिस्कवर. या तिन्हींची बेरीज करून काढलेली पट्टी एकाच संगणकावर खरी ठरेल. त्याऐवजी "३ पैकी टप्पा १" असे मोठ्या अक्षरात लिहा, त्याखाली त्या टप्प्याची पट्टी दाखवा, आणि सर्व्हरवरची मोजणी व आकुंचन मिळून "तयारी चालू आहे" एवढेच सांगा. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाहिलेले शंभर टक्के पहिल्या टप्प्याचे होते, हे वरची ओळच सांगेल.

गिटसारख्याच मर्क्युरियल या साधनात या बाबतीत अधिक विचार झालेला आहे. गिट आणि मर्क्युरियल या दोहोंची सुरुवात २००५ च्या एप्रिलमधली, पण पट्टीचा स्वभाव वेगळा. तेथे विषय, पट्टी, संख्या आणि उरलेल्या वेळेचा अंदाज यांपैकी काय व कोणत्या क्रमाने दाखवायचे ते सेटिंगमध्ये ठरवता येते, तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ चालणाऱ्या कामाला पट्टी लागत नाही आणि काम संपले की ती पुसली जाते. ही शेवटची गोष्ट तुम्ही उचलावी: भरलेली पट्टी पडद्यावर ठेवूच नका, ती पुसून पुढचा टप्पा लिहा.

एक सावधगिरी. क्लोन डेल्टांच्या टप्प्यात असताना कंट्रोल-सी दाबले तर गिट अर्धवट फोल्डर काढून टाकते आणि सर्व पुन्हा आणावे लागते. फाइली लिहिण्याच्या टप्प्यात थांबवले तर रेपो शिल्लक राहतो आणि फक्त फाइली पुन्हा काढाव्या लागतात. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत "संगणक बंद करू नये" ही सूचना लाल अक्षरात ठेवा.

प्रतिसाद २

एसटीडीएररवर प्रगतीबरोबर चुकांचे संदेशही येतात, ते गिळू नका. शेवटच्या दहा-बारा ओळी जपून ठेवाव्यात आणि गिटने शून्याखेरीज दुसरा कोड परत केला तर त्या जशाच्या तशा दाखवाव्यात. नाहीतर जोडणी तुटली तरी सहकाऱ्यांना थांबलेली पट्टी तेवढी दिसेल.

धागाकर्ता

काल धायरीच्या एका संगणकावर पूर्ण क्लोन करून पाहिले. "३ पैकी टप्पा १", त्याखाली बाइटवरून काढलेली पट्टी, बाजूला आलेले एमआयबी आणि वेग. पट्टी सावकाश पण सारख्या चालीने गेली. शेवटी ती सत्त्याण्णववरून एकदम पूर्ण झाली, म्हणजे साइझ-पॅकचा आकडा थोडा मोठा निघाला. तो कमी निघण्यापेक्षा बरा. दुपारी लाइट गेली तेव्हा संगणक बॅटरीवर चालू राहिला पण जोडणी बंद पडली, आणि एमआयबीचा आकडा थांबलेला पाहून सहकाऱ्यांनी कंट्रोल-सी न दाबता मला फोन केला.

एकच गोष्ट राहिली होती, तीही लिहून ठेवतो. रात्री हीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीतून) चालते आणि लॉग फाइलीत कॅरेज रिटर्नने जोडलेल्या टक्केवारीचे कित्येक पानांचे एकच वाक्य साठत होते. आता स्क्रिप्टसमोर टर्मिनल आहे का हे ती आधी तपासते आणि नसेल तर --प्रोग्रेस पाठवतच नाही. आज सकाळी लॉगमध्ये चार ओळी होत्या.