कामावर जाताना कार घरी ठेवली: नागपूरकरांचे अनुभव

रोज एकट्याने कार नेणे ज्यांनी सोडले किंवा कमी केले, त्यांनी कोणता मार्ग निवडला आणि अडचण कुठे आली, हे कृपया तपशिलासह लिहावे. सुरुवात मी करतो. डिसेंबर 2022 मध्ये मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली, तेव्हापासून मी इंदोऱ्याहून खापरीला मेट्रोने जातो. खरा प्रश्न खापरी स्थानकाबाहेरचा होता, कारण तिथून मिहानमधले माझे कार्यालय पायी जाण्याजोगे नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना तर नाहीच. आता घडीची सायकल मेट्रोत सोबत नेतो आणि उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच परत निघतो.

छत्रपती चौक ते बुटीबोरी: आम्ही चौघे सहकारी एकाच कारने जातो. जाऊन-येऊन सुमारे 50 किलोमीटर होतात. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 15 किलोमीटर धरले, तर घरी राहिलेल्या तीन गाड्यांमुळे रोज सुमारे 23 किलो वाचतो. पैशांवरून कुरबुर होऊ नये म्हणून आठवड्यागणिक गाडी बदलतो, आणि उशीर करणाऱ्यासाठी पाच मिनिटांपलीकडे थांबत नाही. हा नियम पाळला नसता, तर आमची सोबत महिनाभरही टिकली नसती, असे मला वाटते.

कोराडी: मी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीच्या वेळेला सोयीची बस नसल्याने विजेची स्कूटर घेतली. मात्र आमच्या गावात वीज कोळशावर तयार होते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख मी लहानपणापासून झटकत आले आहे. त्यामुळे स्कूटरला धूर नाही एवढ्यावर माझे समाधान होईना. गेल्या वर्षी छतावर सौर पॅनेल बसवले. सकाळी घरी आल्यावर स्कूटर तासभर सावलीत निवू देते, कारण तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे चांगले नाही, आणि मग मी झोपते तेव्हा ती उन्हाच्या विजेवर चार्ज होत असते.

वाडी: मला अर्धेच जमले आहे. आठवड्यातले तीन दिवस बसने जातो. उरलेल्या दोन दिवशी मुलीला शिकवणीहून आणायचे असते आणि त्या वेळेच्या बसचा भरवसा नसल्याने कार काढावी लागते. त्या भागातून येणारे आणखी कोणी पालक असल्यास कृपया कळवावे.