गाईड निवडताना विषय बघा
वर दादांनी लिहिलंय की मराठीत पीएचडी करायची तर गाईड कुठलाही चालतो, मला नाही पटत बघा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे आपल्याकडं इनामाचे, देवस्थानांचे कितीतरी कागद मोडीत पडून आहेत आणि शिलालेख बघायला गेलं की हळेकन्नड म्हणजे जुनी कन्नड, मग आधुनिक कवितेवर काम केलेले सर कितीही विद्वान असले तरी अशा कागदांवरच्या विषयात काय करणार? आजोबांच्या जमिनीचे कागद वाचून घ्यायला आम्ही पार कोल्हापूर गाठलं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून इथंच आहे, त्याआधी सगळं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या हाताखाली होतं. आता इथल्या विद्यापीठात मोडी आणि कन्नड दोन्ही येणारी माणसं पाहिजेत. गाईडचे आधीचे पेपर वाचा आणि मगच फॉर्म भरा.