व्हिक्टोरियाकालीन सोन्याची अंगठी साखरपुड्यासाठी घ्यावी का?

शंकेखोर:

नमस्कार. आमचे लग्न ठरले असून, साखरपुड्यासाठी नवी अंगठी घडवून घेण्याऐवजी जुनी ब्रिटिश घडणीची अंगठी घ्यावी, असा आम्हा दोघांचा विचार चालला आहे. पसंत पडलेली अंगठी पिवळ्या सोन्याची आहे. तिच्यावर एका ओळीत पाच लहान हिरे बसवलेले असून हिऱ्यांच्या दोन्ही अंगांना सोन्यावर नाजूक वेलबुट्टी कोरलेली आहे. आतल्या बाजूला मुकुट, 18 हा आकडा, नांगर, एक इंग्रजी अक्षर आणि घडवणाऱ्याची बरीचशी झिजलेली आद्याक्षरे भिंगातून दिसतात. विक्रेता ती 1885 च्या सुमाराची असल्याचे सांगतो.

माझ्या शंका तीन आहेत. विक्रेत्याने सांगितलेला काळ कितपत खरा मानावा? इतकी जुनी अंगठी रोज बोटात घालता येईल का? आणि अशा अंगठीसाठी सोन्याच्या वजनापेक्षा बरेच अधिक मोजावे लागते, त्याला भावनेपलीकडे काही आधार आहे का? तिसरी शंका खरे तर माझी नाही. "18 कॅरेट म्हणजे भेसळीचे सोने, त्यात जुने, मग ते घ्यायचे कशाला," असे आम्हाला ऐकवले जात आहे आणि त्यावर काय उत्तर द्यावे हे सुचत नाही.

भिंगधारी:

जुन्या दागिन्यांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे पहिल्या दोन शंकांबद्दल लिहितो.

मुकुट आणि 18 ही 18 कॅरेटची ब्रिटिश खूण आहे. नांगर बर्मिंगहॅमच्या अ‍ॅसे ऑफिसचा, म्हणजे धातूचा कस तपासून ठसा मारणाऱ्या कार्यालयाचा. लंडनच्या ठशात बिबट्याचे मुख असते आणि एडिंबरोच्या ठशात किल्ला. सुटे अक्षर वर्ष सांगते. मात्र वर्णमाला संपली की तीच अक्षरे पुन्हा वापरली जात असल्यामुळे नुसते अक्षर ओळखून भागत नाही, त्याचे वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही तक्त्याशी जुळवून पाहावा लागतो.

आपण दिलेल्या यादीत जो ठसा नाही, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये 1890 पर्यंत सोन्याचांदीच्या वस्तूंवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून सिंहासनावरील व्यक्तीचे मुख उमटवले जात असे. 1885 मध्ये ठसे मारलेल्या अंगठीवर राणी व्हिक्टोरियाचे मुख सहसा असायला हवे. ते झिजून गेले असेल, तर शेजारचे ठसेही तितकेच पुसट झालेले दिसतील. मुकुट आणि नांगर स्पष्ट असून मुखाचा मागमूसही नसेल, तर अंगठी 1890 नंतरची असण्याची शक्यता जास्त. त्याने तिचे काही बिघडत नाही, कारण पाच हिऱ्यांची ही कोरीव घडण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. परंतु विक्रेत्याने 1885 हे साल कशावरून काढले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

याच्या उलटही एक सांगून ठेवतो. खडे बसवलेल्या अनेक दागिन्यांना त्या काळच्या कायद्याने ठशांच्या सक्तीतून वगळले होते. त्यामुळे नुसता 18 कोरलेली किंवा अजिबात ठसा नसलेली अस्सल जुनी अंगठीही सापडते. अशा वेळी कसोटीवर कस लावून किंवा एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी धातूचे घटक ओळखणाऱ्या यंत्राने, तपासणी करता येते. मात्र हे यंत्र पृष्ठभागाजवळचाच धातू वाचते, त्यामुळे मुलामा किंवा झाळ (जोडकामासाठी वितळवून लावलेला धातू) असलेली जागा समोर आली तर ते फसते. दोनतीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगावे. आणखी एक खूण लक्षात ठेवावी: व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश म्हणून सांगितलेल्या अंगठीवर 750 हा आकडा असेल तर सावध व्हावे, कारण ब्रिटनच्या अधिकृत ठशांत तो 1975 पासून आला. युरोपातील इतर देशांत मात्र तो त्याआधीही वापरात होता.

आता रोजच्या वापराविषयी. अंगठीचे कडे तळाशी, म्हणजे तळहाताकडच्या बाजूला, सर्वांत आधी झिजते. अंगठी आडवी धरून तळाची जाडी वरच्या खांद्यांशी, म्हणजे खड्यांच्या दोन्ही अंगांच्या कड्याशी, ताडून पाहावी. तळ कागदासारखा पातळ झाला असेल तर वापरण्याआधी तेथे नवे सोने जोडून घ्यावे लागेल. मग हिऱ्यांना धरून ठेवणारी सोन्याची नखे पाहावीत. सुती धागा त्यांच्यावरून हलकेच ओढला तर उचकटलेले नख धाग्याला अडकते. अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली तर सैल खडा किणकिणतो. दोन्ही चाचण्यांना खर्च नाही आणि कोणताही प्रामाणिक विक्रेता त्यांना हरकत घेणार नाही.

झीज कोठे आहे, यावरूनही वय कळते. खरी झीज बोटे एकमेकांना घासतात त्या कडांवर आणि तळाशी असते, तर कोरीवकामाच्या खोबणीत मूळची धार टिकून राहते. खोबणीसकट सगळेच सारखे गुळगुळीत दिसले, तर ती बहुधा साच्यातून ओतलेली अलीकडची नक्कल समजावी.

रोखठोक:

वरील माहिती उत्तम आहे, परंतु तिच्यामुळेच माझे मत उलट बाजूला झुकते. इतकी तपासणी करून, झिजलेला तळ भरून आणि नखे नव्याने करून शेवटी हातात काय उरते? त्यापेक्षा एखाद्या चांगल्या कारागिराकडून हुबेहूब तीच घडण नव्या 18 कॅरेट सोन्यात करून घ्यावी. धातू तोच आणि नक्षी तीच. शिवाय मजबुती अधिक, माप अचूक आणि कसाची खात्री. पुढेमागे मोडायची वेळ आली तर जुन्या अंगठीचेही वजनच धरले जाते, तिचे वय कोणी धरत नाही. ज्यांना जुनेपणाचीच हौस आहे त्यांनी जरूर घ्यावी, पण तिला गुंतवणूक म्हणू नये.

धातुवेडा:

रोखठोक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि "धातू तोच, नक्षी तीच" याच्याशी मुळीच नाही.

आधी भेसळीच्या आरोपाविषयी. शुद्ध सोने इतके मऊ असते की एका ग्रॅमचा ठोकून सुमारे एक चौरस मीटर वर्ख करता येतो. नाजूक नखांनी खडे धरून ठेवायचे आणि वर रोज घासले जायचे, हे काम अशा धातूचे नाही. म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळतात. 18 कॅरेटमध्ये तीन चतुर्थांश सोने असते आणि उरलेला चतुर्थांश त्याला ताठपणा देतो. तांबे जास्त पडले तर लालसर झाक येते, चांदी जास्त पडली तर रंग फिकट होतो, आणि जुन्या अंगठ्यांमधील उबदार रंगाचे बरेचसे श्रेय या प्रमाणालाच जाते. ब्रिटनने 1854 मध्ये 15, 12 आणि 9 कॅरेटलाही कायदेशीर मान्यता दिली. त्यांपैकी 15 आणि 12 हे कस 1932 मध्ये बंद होऊन त्यांच्या जागी 14 आला. म्हणजे 15 चा ब्रिटिश ठसा दिसला की त्या अंगठीचा काळ आपोआप या दोन सालांच्या मध्ये येतो. ही लबाडी नव्हती. कस उघडपणे वस्तूवर लिहिलेला असे.

आता सोन्याच्या ओढीविषयी. हा धातू हवेने गंजत नाही, काळा पडत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. बल्गेरियातील वार्ना येथे 1972 मध्ये सापडलेल्या दफनभूमीतील सोन्याचे दागिने सहा हजार वर्षांहून जुने आहेत आणि त्यांचा पिवळेपणा आजही तसाच आहे. तो पिवळेपणाही मोठा चमत्कारिक आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, सापेक्षतेच्या परिणामाने अणूची रचना थोडी बदलते आणि धातू निळा प्रकाश शोषून घेऊ लागतो. बहुतेक धातू पांढरट किंवा करडे असताना सोने पिवळे दिसते ते त्यामुळे.

पण या अविनाशीपणाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. सोने टिकते म्हणून त्याचा आकार टिकत नाही. लोखंडाची वस्तू गंजून जाते. सोन्याची वस्तू वितळवली जाते. फॅशन बदलली की मुशीत, युद्ध आले की मुशीत, भाव चढले की मुशीत. 1979-80 मध्ये सोन्याचे भाव भडकले तेव्हा कितीतरी जुने दागिने केवळ वजनावर वितळवले गेले. आजवर खाणींतून निघालेले सोने सुमारे दोन लाख टन भरते आणि त्यातले बहुतेक कोणत्या ना कोणत्या रूपात अजून अस्तित्वात आहे. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या रूपात घडवले त्याच रूपात राहिलेले त्यात फार थोडे. आपण पसंत केलेल्या अंगठीचे सोने आणखी जुने असू शकते, कदाचित एखाद्या अगोदरच्या दागिन्याचे. वजनापलीकडचे जे पैसे आपण मोजणार आहात ते मुशीतून वाचलेल्या घडणीचे आहेत. ती घडण नव्याने करता येईल. वाचलेली मात्र नव्याने करता येणार नाही. ज्याला या फरकाचे मोल वाटत नाही त्याने खुशाल नवी करावी, त्यात काही गैर नाही.

जाता जाता, साखरपुड्याच्या अंगठीत एकच मोठा हिरा हवा, असा जो समज आहे तोही फारसा जुना नाही. ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याने आपली वधू मेरी ऑफ बर्गंडी हिला 1477 मध्ये दिलेल्या हिऱ्यांच्या अंगठीचा दाखला नेहमी दिला जातो, पण प्रिन्स अल्बर्टने आपली वाग्दत्त वधू, खुद्द राणी व्हिक्टोरिया, हिला दिलेली अंगठी पाचू बसवलेल्या सोन्याच्या सर्पाची होती. दक्षिण आफ्रिकेत 1867 नंतर हिरे सापडू लागले आणि ते अधिक लोकांच्या आवाक्यात आले. हिऱ्यावाचून साखरपुडाच नाही ही कल्पना मात्र हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या डी बिअर्स कंपनीच्या विसाव्या शतकातील जाहिरातींनी रुजवली. तेव्हा पाच लहान हिऱ्यांबद्दल कोणी नाक मुरडले तर मनावर घेऊ नये.

शंकेखोर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंगधारी यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा पाहिले. राणीचे मुख कोठेच नाही आणि मुकुटाची टोके मात्र मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत. विक्रेत्याला विचारले तेव्हा "अंदाजे साल लिहिले होते" असे उत्तर मिळाले. वर्षाचे अक्षर तक्त्याशी जुळवून पाहण्याचे काम बाकी आहे. तळ जाड आहे आणि धागा कोठे अडकला नाही.

नवे प्रश्न दोन. चार हिऱ्यांकडे वरून पाहिले तर मधोमध एक बारीक, गडद गोल ठिपका दिसतो. कडेच्या एका हिऱ्यात तो नाही आणि तो हिरा इतरांपेक्षा अधिक लखलखतो. आणि अंगठी बोटाला घट्ट होते; ती वाढवणे सुरक्षित आहे का?

भिंगधारी:

कडेचा हिरा बहुधा नंतर बसवलेला आहे. जुन्या पैलूंच्या हिऱ्याचे खालचे टोक अणकुचीदार न ठेवता थोडे घासून सपाट करीत आणि वरून पाहताना तोच सपाट भाग ठिपक्यासारखा दिसतो. वरचा सपाट पैलूही लहान ठेवीत आणि माथा उंच. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये प्रकाशाच्या परावर्तनाचे गणित मांडले, त्यानंतर प्रमाणे बदलत गेली आणि आजच्या गोल हिऱ्यात ते टोक जवळजवळ दिसत नाही. एक खडा बदललेला असणे हा एवढ्या जुन्या अंगठीच्या बाबतीत दोष मानत नाहीत, पण विक्रेत्याने ते लेखी सांगायला हवे होते आणि किमतीतही त्याचा विचार व्हायला हवा. पुढे कधी जुन्या पैलूंचा तेवढाच हिरा मिळाला तर तो बसवून घेता येईल.

माप वाढवता येते. कडे ठशांपासून दूर कापून त्याच कसाचा आणि त्याच रंगाचा तुकडा घालायला सांगावे. ताणून वाढवू देऊ नये, कारण त्याने तळ पातळ होतो आणि नखांवरही ताण येतो. कारागिराला एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगावी. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत कोणी शिशाची झाळ वापरली असेल तर आतल्या बाजूला करड्या रंगाचा, मातकट डाग दिसतो. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय अंगठीला ज्योत लावली, तर तापलेले शिसे सोन्यात शिरते आणि त्याला भोके पाडते. डाग आढळला किंवा शंका जरी आली, तरी आधी तो भाग साफ करून घ्यावा आणि मग लेझरने जोडकाम करावे, म्हणजे उष्णता हिऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

हिऱ्यांची मागची बाजू उघडी असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला एवढ्याने सफाई होते. मागची बाजू सोन्याने बंद असेल तर पाण्यात बुडवू नये, कारण अशा जुन्या कोंदणांत खड्यामागे चमकीचा पत्रा असतो आणि ओल लागली की तो काळवंडतो. पोहायला जाताना मात्र अंगठी काढूनच ठेवावी. तरणतलावातील क्लोरीन शुद्ध सोन्याला फारसे काही करीत नसले तरी मिश्र धातूची नखे ठिसूळ करू शकते, आणि तडकलेले नख खडा पडेपर्यंत सहसा लक्षात येत नाही.